जमिनीच्या पोटांतील गळती

पिण्याच्या पाण्याच्या घागरींत रॉकेलचा एक थेंब पडला, तर घरांतील गृहिणी ती घागर तत्काळ रिकामी करते. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. पण नाकाला वर्दी मिळते. असा थेंब जमिनीखालीं दहापंधरा हात खोल पडत राहिला, आणि घागरीऐवजीं एका शहराचा जलसंचय त्याच्या वाटेंत असला, तर वर्दी कोणी द्यावयाची?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसच्या शेजारीं सँटा मोनिका नांवाचें शहर आहे. त्याच्या पाण्याचा मोठा भाग शहराच्या स्वतःच्या विहिरींतून येत असे. १९९५ सालीं त्यांपैकीं चार्नॉक या विहिर-क्षेत्रांतील पाणी तपासतांना त्यांत एम्. टी. बी. ई. हें पेट्रोलांत मिसळण्याचें द्रव्य आढळलें. प्रमाण वाढत गेलें आणि १९९६ सालीं विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा असा हातचा गेला. पाणी बाहेरून विकत घेण्याची वेळ आली. दोष निघाला तो आसपासच्या पेट्रोल-पंपांखालील टाक्यांचा व नळांचा.

या प्रकरणांतील दैवदुर्विलास असा कीं, हें द्रव्य सदिच्छेनेंच पेट्रोलांत आलें होतें. विषारी शिशाला पर्याय म्हणून १९७९ पासून तें वापरांत आलें. १९९० च्या कायद्यानंतर मोटारींचा धूर कमी घातक व्हावा म्हणून त्याचा वापर पुष्कळच वाढला. हवा निर्मळ करावयास निघालेल्या उपायानें पाणी नासलें.

जमिनींत घडतें तें असें. पुरलेल्या टाकीचें पोलाद ओल्या मातींत गंजतें व त्यास बारीक छिद्र पडतें. झिरपणाऱ्या पेट्रोलाचा कांहीं अंश मातीच्या कणांना चिकटतो. कांहीं वाफ होऊन वर चढतो व तळघरांत सांचल्यास आगीचें भय निर्माण करतो. उरलेलें पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यामुळें भूजलावर तरंगतें. त्यांतील बेंझीनसारखीं द्रव्यें पाण्यांत विरघळतात आणि वाऱ्याबरोबर उदबत्तीचा धूर जावा तशीं प्रवाहाबरोबर पुढें सरकतात. बेंझीनमुळें रक्ताचा कर्करोग होतो. म्हणून अमेरिकेंत पिण्याच्या पाण्यांत एक अब्ज भागांस ५ भाग एवढीच त्याची मर्यादा ठरविली आहे. दहा हजार लिटर पाण्यांत सुमारें एक थेंब, असा याचा अर्थ! भूजलाची गति अतिशय मंद असल्यानें आज सुरू झालेली गळती दूरच्या विहिरींत कित्येक वर्षांनीं प्रकट होते.

म्हणून पाळत जमिनीच्या आंतच ठेवावी लागते. टाकीभोंवतीं व उताराच्या बाजूस अरुंद निरीक्षण-विहिरी खोदतात. निदान तीन विहिरींतील पाण्याची पातळी मोजली म्हणजे प्रवाहाची दिशा कळते. ठराविक मुदतीनें नमुने घेऊन ते प्रयोगशाळेंत तपासतात. एका नमुन्यावरून फारसा बोध होत नाहीं. वर्षानुवर्षांची मालिका हातीं आली म्हणजे दूषित पट्टा पसरत आहे कीं आटत आहे, याचा निर्णय करतां येतो.

शुद्धीकरणाचे मार्ग अनेक आहेत. प्रथम टाकी उकरून काढतात व भिजलेली माती हलवितात. खोल मातींतील वाफ पंपानें शोषून घेतात. दूषित पाणी उपसून तें सक्रिय कोळशाच्या थरांतून गाळतात. सर्वांत नवलाचा मार्ग जंतूंचा. १९७२ सालीं पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील अँब्लर येथें नळांतून पेट्रोल गळालें, तेव्हां रिचर्ड रेमंड या शास्त्रज्ञानें भूमींतील जंतूंना हवा, नत्र व स्फुरद पुरवून त्यांच्याकरवीं तें खाऊन टाकविलें. परंतु एम्. टी. बी. ई. या द्रव्याकडे जंतू सहसा सावकाशच वळतात, आणि तें मातीला न चिकटतां पाण्याबरोबर दूरवर धांवतें. त्यामुळें चार्नॉकचें पाणी कोळशांतून शुद्ध होऊन पुन्हां नगरवासीयांच्या नळाला येण्यास सुमारें पंधरा वर्षें लागलीं. मध्यंतरीं, २००३ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियानें पेट्रोलांत तें द्रव्य मिसळण्यास बंदी केली.

सँटा मोनिका हें एकच उदाहरण नव्हे. अमेरिकन काँग्रेसनें १९८४ सालीं भूमिगत टाक्यांसाठीं कायदा केला. १९८८ सालीं नियम झाले व जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास १९९८ पर्यंत मुदत मिळाली. तेव्हांपासून पांच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. बहुतेक ठिकाणचें शुद्धीकरण पुरें झालें असलें, तरी हजारों ठिकाणीं काम अद्याप उरलेलें आहे.

आतां टाक्यांना दुहेरी भिंती असतात आणि दोन भिंतींच्या मध्यें ओल शिरतांच घंटा वाजते. तथापि सर्वांत स्वस्त पहारेकरी जुनाच आहे: टाकींत बुडविण्याची मोजकाठी व हिशेबाची वही. किती पेट्रोल आलें, किती विकलें आणि किती उरलें, हें रोज ताडून पाहावयाचें. मोठी तूट अशानें चटकन उघडकीस येते. बारीक गळती मात्र महिनोगणती जमाखर्च मांडल्यावरच ध्यानांत येते. म्हणून थोडीथोडी तूट पुन्हां पुन्हां दिसूं लागली, कीं ती मापांतील चूक समजून सोडून न देतां तेव्हांच टाकी तपासावी. त्या वेळीं शोध टाकीपाशींच संपतो. पुढें तो शहराच्या विहिरींपर्यंत न्यावा लागतो.