घारापुरी : शेवटची लाँच सुटल्यानंतर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला आणि नोकरीचा बहुतेक काळ ओव्हरहेड वायरच्या देखभालीत घालवलेला माणूस. भाषणापेक्षा ब्रेकडाउनची मला जास्त सवय आहे. तेव्हा जे पाहिलं ते साध्या शब्दांत सांगतो, गोड मानून घ्यावं.

विषय सुचला तो ऑफिसातल्या गप्पांमधून. आमच्यातल्या एकाचे नातेवाईक ग्रीसला जाऊन आले. समुद्रातून उभे राहिलेले डोंगर, खाली किनारा, उतारावर पांढरी घरं असे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. "असं बेट आयुष्यात एकदा तरी बघायला पाहिजे," असं जो तो म्हणू लागला. जरूर बघावं. पण ग्रीसला जाण्याइतकी रजाही नाही आणि फंडात शिल्लकही नाही, अशा आपल्यासारख्यांसाठी समुद्रातला डोंगर, किनारा आणि जुनी गावं असं सगळं एकत्र असलेलं एक बेट आपल्या महाराष्ट्रात आहे. हावडा मेल किंवा गीतांजलीनं मुंबई गाठायची, गेटवेहून लाँच धरायची, की तासाभरात आपण बेटावर. नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, घारापुरी. इंग्रजीत एलिफंटा.

तुम्ही म्हणाल, "ते तर आम्ही शाळेच्या सहलीत पाहिलंय." मी म्हणतो, तुम्ही लेणी पाहिलीत. बेट पाहायचं राहिलंय.

आधी लेण्यांबद्दल थोडं, कारण त्यांच्याशी आपल्या छत्तीसगडचंही नातं लागतं. मुख्य लेणं साधारण सहाव्या शतकातलं. अखंड खडक आत सुमारे ३९ मीटरपर्यंत कोरत नेला आहे. समोर सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती, जिला आपण त्रिमूर्ती म्हणतो. १९८७ साली युनेस्कोनं या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लेणी कोणी खोदवली हे सांगणारा शिलालेख आज तिथे नाही. एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला, तो पुन्हा मिळालाच नाही. पण कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर पुष्कळ सापडली. त्यामुळे हे काम कलचुरींच्या काळातलं, असं बरेच अभ्यासक मानतात. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचा जो मोठा खंड संपादित केला, तो १९५५ साली निघाला. आणि कलचुरी हे नाव आपल्याला परकं नाही. रतनपूरला आणि आपल्या रायपूरला कलचुरी राजांच्याच शाखा राज्य करत होत्या. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरला आली, तेव्हा समोर कलचुरीच होते. घारापुरीचे कलचुरी माहिष्मतीचे आणि कितीतरी शतकं आधीचे. तरी नाव तेच. रायपूरच्या माणसानं घारापुरीला जावं याला एवढं कारणही पुरे आहे.

'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांनी दिलं. राजबंदरच्या बाजूला एक मोठा दगडी हत्ती उभा होता, त्यावरून. तो हत्ती पुढे कोसळला. त्याचे तुकडे मुंबईला नेऊन जोडले आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून बेटाला नाव मिळालं, तोच बेटावर उरला नाही!

आता बेटाकडे वळू. घारापुरी म्हणजे समुद्रातून वर आलेल्या दोन टेकड्या आणि त्यांच्या मधली खिंड. उंची सुमारे पाचशे फूट. पश्चिमेच्या टेकडीवर प्रसिद्ध लेणी आणि माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या दोन तोफा. पूर्वेच्या टेकडीवर सीताबाईचं देऊळ म्हणून ओळखलं जाणारं लेणं आणि एका बौद्ध स्तूपाचे अवशेष. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. पायथ्याशी तीन गावं आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. वस्ती मुख्यतः आगरी-कोळी लोकांची. थोडी भातशेती, मासेमारी आणि पर्यटकांवर चालणारा धंदा. तिन्ही गावांची मिळून एक ग्रामपंचायत. तालुका उरण, जिल्हा रायगड. आपण उरल्याचे, ते उरणचे. एवढं नावसाधर्म्यही ओळख काढायला मराठी माणसाला पुरतं.

किनाऱ्याबद्दल मात्र फसवणूक नको. ग्रीसच्या फोटोंतल्यासारखा निळाशार किनारा तिथे नाही. दगडगोटे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि दाट खारफुटी. पोहायला जागा नाही, पण पक्षी बघायला आहे.

मी घारापुरीला दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१५ साली, कुटुंबासह. लेणी बघून झाल्यावर मुलं माकडांत रमली, आणि मी एका स्थानिक मुलाला बरोबर घेऊन मोराबंदरपर्यंत चालत गेलो. वाटेत एका घराच्या ओट्यावर एक आजी जाळं विणत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी कुठला, काय काम करतो, ते विचारलं. विजेचं काम करतो म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग दादा, आमच्याकडे कधी आणता वीज?"

मी चपापलो. मला वाटलं होतं, मुंबईच्या एवढ्या जवळ वीज असणारच. तेव्हा बेटावर जनरेटर होता. तो संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू व्हायचा आणि साडेदहाला बंद व्हायचा. दिवसभर काही नाही. डिझेलही होडीनंच आणायचं. आजी म्हणाल्या, "रात्री इथनं मुंबई बघा, रोजची दिवाळी. आम्ही बघतो आणि झोपतो."

आपल्याकडे म्हण आहे, दिव्याखाली अंधार. तिचा अर्थ मला त्या ओट्यावर कळला. आपण रेल्वेवाले अभिमानानं सांगतो की देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. त्या बोरीबंदरपासून घारापुरी दहा-अकरा किलोमीटर. तिथे वीज पोचली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. मध्ये ९३ वर्षं गेली! स्वातंत्र्यानंतरचीच मोजली तरी ७० वर्षं.

असं का झालं? तंत्र नव्हतं म्हणून नाही. समुद्रतळातून केबल नेणं अवघड खरं. खारं पाणी केबलच्या वेष्टनात शिरता कामा नये, म्हणून वर थरांवर थर आणि बाहेरून पोलादी तारांचं चिलखत. शिवाय तिथून जवळच न्हावा-शेव्याचं बंदर, म्हणजे मोठ्या जहाजांची ये-जा. एखादा नांगर केबलवर पडला की काम संपलं. म्हणून केबल तळाखाली पुरावी लागते. आपण रुळांखालून केबल नेताना आधी पाइप टाकतो, तसलाच विचार, फक्त वर खडीच्या जागी समुद्र. महावितरणनं सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली. व्होल्टेज २२ हजार. आपल्या वायरमध्ये २५ हजार असतं, म्हणजे जवळपास आपल्याच घरचा मामला. सगळं काम १५ महिन्यांत झालं आणि त्यात प्रत्यक्ष केबल टाकायला तीनच महिने लागले. तीन गावांत तीन ट्रान्सफॉर्मर बसले, रस्त्यावर दिव्यांचे उंच मनोरे उभे राहिले आणि घरोघर मीटर लागले.

अडलं होतं ते हिशेबापाशी. खर्च सुमारे २५ कोटी रुपये आणि घरं साधारण दोनशे. भागाकार करा. घरामागे साडेबारा लाख. कुठल्याही धंद्याच्या वहीत हा आकडा बसणार नाही. फाइलवर कोणीही सहज लिहील, "परवडत नाही." पण मित्रहो, रेल्वेतल्या लोकांना मी विचारतो, दिवसाला दहा तिकिटं खपणारा हॉल्ट आपण का ठेवतो? तिथे प्लॅटफॉर्म आणि माणूस का देतो? कारण लाइन सगळ्यांची असते. शेवटच्या स्टेशनाचा खर्च अख्ख्या लाइननं उचलायचा असतो. वीज, पाणी, रस्ता, शाळा यांचंही तसंच आहे. एकेका घराचा वेगळा हिशेब मांडला, तर देशातली निम्मी गावं आजही अंधारात राहतील.

आणि ज्या ग्रीसपासून आपण सुरुवात केली, तिथलीही गोष्ट ऐका. घारापुरीला वीज आली त्याच २०१८ साली ग्रीसची पारोस आणि मिकोनोस ही प्रसिद्ध बेटं समुद्राखालच्या केबलनं मुख्य भूमीच्या ग्रिडला जोडली गेली. क्रीट तर मोठं, डोंगराळ बेट. त्याला पहिली अशी जोडणी २०२१ मध्ये मिळाली. तोवर ही बेटं तेलावर चालणाऱ्या आपापल्या वीजकेंद्रांवर भागवत होती. फरक एवढाच की तिथे बेट अंधारात नव्हतं, वीज महाग पडत होती म्हणून केबल आली. आपल्याकडे आधी अंधारच हटवायचा होता.

दुसऱ्यांदा गेलो २०२३ साली. मोराबंदरला त्याच घरी गेलो. आजी आता नव्हत्या. सूनबाई भेटल्या. त्यांनी फ्रिजमधलं गार कोकम सरबत दिलं. फ्रिज आल्यापासून मासळी लगेच विकून टाकावी लागत नाही, म्हणाल्या. मोबाइल चार्ज करायला जनरेटरची वाट बघावी लागत नाही. मुलगा रात्री अभ्यास करतो. मग हसत म्हणाल्या, "पण आता बिल पण येतं हो!" मी म्हटलं, "वहिनी, बिल येतं म्हणजे तुम्ही सरकारच्या वहीत आलात." त्यावर त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. "आता वीज आली, पण मुलगा बारावीनंतर इथे राहील का?"

मित्रहो, खरा प्रश्न हा आहे. पर्यटकाला बेटावर रात्री राहायची परवानगी नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच सुटते आणि हजारो माणसं निघून जातात. मागे राहतात ती गावं. पुढचं शिक्षण, दवाखाना, नोकरी सगळं पाण्यापलीकडे. पावसाळ्यात समुद्र खवळला की तेही नाही. त्यात कमाई फक्त जेट्टी ते लेणी या एका वाटेवर. त्या वाटेवर दुकान असलेल्याचं भागतं, राजबंदरच्या टोकाला राहणाऱ्याचं काय?

आपण इथे बसलेले सगळे कोणाच्या ना कोणाच्या अशाच गावातून बाहेर पडलेले आहोत. कोणाचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत आले, कोणी भिलाईच्या भरतीत, कोणी उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये. गाव का सुटतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून त्या माउलीचा प्रश्न मला परका वाटला नाही.

वीज आपण आणून देऊ शकत नाही. पण पर्यटक म्हणून चार गोष्टी सहज करता येतात. एक, सकाळची पहिली लाँच धरा, म्हणजे वेळ हाती राहतो. दोन, गावातला वाटाड्या घ्या, त्याला नीट पैसे द्या आणि दुसऱ्या टेकडीवर व मोराबंदर-राजबंदरला चालत जा. तीन, जेवण गावात सांगा. घरची तांदळाची भाकरी आणि मासळी मिळाली तर ग्रीस विसराल. चार, आपला कचरा पिशवीत घालून परत आणा, बेटावर तो टाकायला जागा नाही. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. आणि लाँचमध्ये बसल्यावर लाइफ जॅकेट मागून घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून मोठी प्राणहानी झाली. आपण रेल्वेत 'सुरक्षा प्रथम' म्हणतो, ते पाण्यावरही विसरू नये.

जाता जाता एक सांगतो. वीज ग्रिडमध्ये गेली की कुठली युनिटं कुठे गेली हे वेगळं काढता येत नाही. पण कोरब्याच्या केंद्रातली वीज महाराष्ट्राच्या वाट्यालाही जाते. म्हणजे मोराबंदरच्या त्या घरात मुलगा ज्या दिव्याखाली अभ्यास करतो, त्यात आपल्या छत्तीसगडच्या कोळशाचाही थोडा उजेड असणार. तो मुलगा बेटावर राहील की नाही, हे त्याचं तो ठरवील. पण निदान उजेडात बसून ठरवील.

येत्या दिवाळीच्या सुटीत मुंबईला जाणार असाल, तर एक दिवस घारापुरीसाठी राखा. लेण्यांतल्या मूर्तींमध्ये आपला गणपतीही आहे, मुलांना तो शोधायला सांगा. आणि लेणी पाहून झाल्यावर लगेच जेट्टीकडे वळू नका, गावाकडे वळा.



गणपती बाप्पा मोरया!