सरासरी भाव कोणाला मिळतो?



कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर शेलापागोटे आहेत आणि मग नृत्यं. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त तुमच्यापैकी काहींनी बारावीला पाठ केला असेल. भाषणांना तो फार कडक लागू होतो आणि आजचा मी चौथा वक्ता. तेव्हा एकाच विषयावर बोलतो.

नव्या शैक्षणिक धोरणात तुम्हाला मेजर आणि मायनर निवडावे लागतात. अर्थशास्त्र बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं ते उरलेला विषय म्हणून. मेजरला भूगोल घेतला, वेळापत्रकात बसतंय म्हणून मायनरला अर्थशास्त्र टाकलं. मग गाईड आणायचं, मागणीच्या नियमाचे अपवाद घोकायचे आणि क्रेडिट पदरात पाडून घ्यायचे. असं शिकलेलं अर्थशास्त्र पेपराच्या दुसऱ्या दिवशी विसरतं. ते विसरलं म्हणून फारसं बिघडतही नाही. मी नोकरीभर बँकेत शेतीकर्जाचं काम पाहिलं आणि वेगळ्या तऱ्हेनं शिकायचं अर्थशास्त्र मला तिथे भेटलं. त्याची जाहिरात करायला आज आलोय.

निफाड तालुक्यातल्या मुलांना कांद्याबद्दल मी काय सांगणार? तरी एक विचारतो. बाजार समितीच्या फलकावर रोज किमान, कमाल आणि सरासरी भाव लागतो. तो सरासरी भाव नेमका कोणाला मिळतो? दिवसभराच्या हिशोबपट्ट्या गोळा करा. कोणाचा माल ओला, कोणाचा बारीक, कोणाचा निवडून आणलेला. सरासरीचा आकडा कदाचित एकाही पट्टीवर सापडणार नाही. वर्तमानपत्रात मात्र तोच छापून येतो, त्यावर चर्चा होते, धोरणंही ठरतात. आकडा खोटा नसतो, पण त्याच्या आड किती घरं दिसेनाशी होतात हे विचारायची सवय लागली, की अर्थशास्त्राचा निम्मा अभ्यास झाला असं मी धरतो.

दुसरं उदाहरण याच मालाचं. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या गृहिणीला दिलासा हवा होता, ते चूक म्हणता येत नाही. आपल्याकडे लिलाव बंद पडले, तेही चूक म्हणता येत नाही. पण डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, आणि तो चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर शेतकरी थोडा थांबला असता. पुरवठ्याची लवचिकता हे प्रकरण तुम्ही आलेख काढून शिकता. ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा असलेला तुमचा बाप ते आलेखाशिवाय जाणतो. दोन्ही एकाच डोक्यात आले, तर तोट्याचा मोठा भाग थांबू न शकणाऱ्यावर का पडतो हे नुसतं रागानं नव्हे, मांडणी करून सांगता येईल.

अशी मांडणी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली. ती १९१७ मध्ये पुस्तकरूपानं आली. आज तिथे उंच इमारती आहेत आणि संगणक कंपन्यांतली माणसं राहतात. तेव्हा ते कोरडवाहू शेतीचं गाव होतं. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असं त्यांना आढळलं. तुकडे होत चाललेत, मग ते जोडा, असा उपाय तेव्हा बरेच जण सुचवत होते.

१९१८ मध्ये एका तरुण प्राध्यापकानं लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी प्रश्नच पालटून टाकला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर लागणारं भांडवल आणि राबणारे हात यांच्या प्रमाणावरून ठरतं, असं ते म्हणाले. जमिनीवर रिकाम्या हातांचा भार पडलाय, तो उतरवायला कारखानदारी हवी. तुकडे जोडून तेवढ्यानं भागणार नाही. पटत नसेल तर आपल्याच तालुक्यात बघा. विहीर, ठिबक आणि मांडव असलेली दोन एकर द्राक्षबाग आणि दोन एकर जिरायत बाजरी, सातबाऱ्यावर क्षेत्र सारखंच. कर्जाची फाईल हातात आली की मी क्षेत्राच्या आधी पाणी बघायचो. बाबासाहेबांचा लेख मात्र मी फार उशिरा वाचला. बी.ए.च्या माझ्या अभ्यासक्रमात तो नव्हता. असायला हवा होता.

मेजर-मायनरच्या घोळात पडलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये बाबासाहेबांनी एम.ए. केलं, तेव्हा प्रमुख विषय अर्थशास्त्र होता आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जोडीचा विषय उरलासुरला नसतो, हे यापेक्षा चांगलं कोण दाखवणार? भूगोलवाल्या मुलीला पाणलोट कळतो. पाण्याची वाटणी कशी होते ते अर्थशास्त्र सांगेल. संगणकवाल्याला माहितीची छाननी येते. कोणती माहिती गोळा करायची हे त्याला इथे कळेल.

आता जरा कडू बोलतो. ज्यांना मेजर घ्यायचाय त्यांनी गणिताला भिऊ नये. कला शाखेत आलो म्हणजे गणित सुटलं, ही समजूत पुढे आडवी येते. पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, तिथे एम.ए., एम.एस्सी. करायचं तर कलन आणि संख्याशास्त्र लागतंच. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बी.ए.वर नोकरी चालून येईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मायनरवाल्यांनी निदान संख्याशास्त्राचा एक पेपर मनापासून करावा, आणि मराठीतून शिकतोय म्हणून कमी समजू नये. मागणीचा वक्र कोणत्याही भाषेत उजवीकडे खालीच उतरतो.

प्राचार्य महोदय, शेवटची विनंती तुम्हाला आणि अर्थशास्त्र विभागाला. पुढच्या वर्षी तालुक्यातलं एक गाव निवडा. मुलांना घरोघर पाठवा. धारणा किती, पाणी कुठलं, कर्ज कोणाचं, मुलं-मुली कुठे कामाला जातात, एवढं नीट लिहून आणू द्या. दर पाच वर्षांनी त्याच घरांत परत जा. खर्च वह्यांचा आणि एसटीच्या भाड्याचा. पहिल्या वर्षीचा मी देतो. आणि मुलांनो, जूनमध्ये विषयांचा फॉर्म भराल तेव्हा वेळापत्रक सगळ्यात शेवटी बघा.