दाटीतला गुलाब
इंग्लंडच्या खेड्यातल्या घरापुढची बाग म्हणजे झुडपी गुलाबाचं माहेरच. तिथे तो एकटा वाफा अडवून बसत नाही. पायाशी लॅव्हेंडर, मागे उंच डेल्फिनियम, अशा दाटीतच तो खुलतो. अशा गुलाबाची आवड म्हणजे नुसती जुन्याची हौस, हा आक्षेप मला पटत नाही. जुने युरोपीय गुलाब सुगंधी, पण बहुतेक वर्षातून एकदाच फुलणारे. गुलाबाचे नवे वाण घडवणारे इंग्रज बागायतदार डेव्हिड ऑस्टिन यांचा 1961चा ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ही तसाच, एकबहारी. पुढे संकर होत गेले आणि 1986च्या ‘गर्ट्रूड जेकिल’मध्ये पाकळ्यांनी गच्च भरलेलं फूल, दाट सुवास आणि पुन्हा पुन्हा येणारा बहर एकत्र आले. जुनं रूप, नवा गुण.

कोणी म्हणेल, दाटीत रोग पडणारच. भीती खोटी नाही. पानांवरचे काळे ठिपके बुरशीचे, आणि तिला पान तासन्‌तास ओलं लागतं. पण दोष शेजाऱ्यांचा नव्हे, अडलेल्या वाऱ्याचा. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी, पाणी मुळाशी द्यावं, गळलेली पानं वेचावीत. छाटणी हिवाळा सरताना, साधारण तिसरा हिस्सा. फांदीवरच्या डोळ्याच्या जरा वर, तिरकी. जमिनीलगत कापलं तर झुडपाचा डौल जातो, उरतात नुसते दांडे.