एकाच्या संगणकावर चालते, दुसऱ्याच्या का नाही?



दिवाळीच्या जेवणाची कुपनं, मुलांच्या स्पर्धांची नावं, सभासदांची यादी ही कामं आता संगणकावरच होतात. एखादा हौशी सभासद पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून देतो. यादी वाचायची, कुपनं छापायची, एवढंच तिचं काम. त्याच्या विंडोजवर ती झकास चालते. दुसऱ्याच्या मॅकवर किंवा लिनक्सवर मात्र सुरूच होत नाही. आखातात नोकरी बदलली की माणूस अजमान सोडून जातो. मागे राहिलेल्यांना त्याची स्क्रिप्ट चालवता आली नाही, तर मंडळ पुन्हा वही-पेनावर येतं! म्हणून अशा वेळी कुठे पाहावं, ते आज थोडक्यात सांगतो.

पहिलं कारण डोळ्यांना दिसतच नाही. टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन क्रिया होत: गाडा मागे आणणं आणि कागद एक ओळ सरकवणं. विंडोज ओळीच्या शेवटी या दोन्हींच्या खुणा ठेवतं. लिनक्स आणि आजचा मॅक फक्त दुसरी. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कशाने चालवायची ते लिहिलेलं असतं. विंडोजची जादा खूण तिथे 'पायथॉन' या नावाला चिकटते आणि लिनक्स म्हणतं, या नावाचं काही सापडत नाही. आपण म्हणतो, अहो, पायथॉन तर आहे की! उपाय सोपा आहे. एडिटरमध्ये ओळीच्या शेवटासाठी 'एलएफ' निवडून फाइल पुन्हा सेव्ह करा.

दुसरं, फाइलचा पत्ता. स्क्रिप्टमध्ये 'सी' ड्राइव्हचा पत्ता असेल, तर मॅकवर तो ड्राइव्हच नसतो. यादी स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पत्ता तिथून द्या. फाइलच्या इंग्रजी नावातली लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत लिहा. विंडोज ती एकच मानतं, लिनक्स मानत नाही.

तिसरं कारण आपल्या मराठीचं. फाइलचं एन्कोडिंग सांगितलं नाही, तर विंडोजवर पायथॉनच्या बऱ्याच आवृत्त्या जुनंच एन्कोडिंग धरतात. मग देवनागरीची खिचडी होते, नाहीतर स्क्रिप्ट मध्येच थांबते. म्हणून 'यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहावं.

आणि एक खास गंमत! कऱ्हाडकर, गोऱ्हे या आडनावांतला अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. यादीत एक रूप आणि शोधताना दुसरं, असं झालं की कऱ्हाडकरांचं कुपन निघतच नाही. शोधण्याआधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं.

तेव्हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना विनंती. सोबत चार ओळींची साधी फाइल ठेवा: पायथॉनची कोणती आवृत्ती, यादी कुठे ठेवायची, स्क्रिप्ट कशी चालवायची. आणि देण्यापूर्वी एकदा वेगळ्या प्रकारच्या संगणकावर चालवून पाहा. ही तपासणी आपल्या शाळकरी मुलांकडे सोपवा. संगणक त्यांना येतोच. या निमित्तानं मराठी नावंही त्यांच्या वाचनात येतील. आपण उद्या इथे असू-नसू, पण पुढच्या दिवाळीची कुपनं तर निघायला हवीत ना?

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!