उपकारक जीवाणू आणि मांसल कोंबड्यांचे आरोग्य

(बुलढाणा जिल्ह्यातील डोणगाव, ता. मेहकर येथे पशुपालकांपुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या भागातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. अशा ठिकाणी मांसल कोंबड्यांचे पालन हा सुमारे चाळीस दिवसांत पैसा हाती देणारा जोडधंदा आहे. परंतु यातील खर्चाचा मोठा भाग खाद्यावरच होतो. खाल्लेले अंगी लागले तर नफा, नाही तर तोटा. आणि अंगी लागणे हे आतड्याच्या आरोग्यावर अवलंबून असते.

परसातील कोंबडीचे पिल्लू आईच्या सान्निध्यात दाणे टिपते. तेथूनच उपकारक जीवाणू त्याच्या पोटात जातात. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला हा लाभ मिळत नाही. त्याचे आतडे बहुतांशी मोकळे असते आणि मोकळ्या घरात प्रथम शिरेल तो ठाण मांडतो. १९७१ साली फिनलंडमधील कोंबड्यांत साल्मोनेला जंतूचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर नुर्मी व रँटाला या शास्त्रज्ञांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना दिले. त्यामुळे त्या जंतूला आतड्यात थारा मिळत नाही, हे त्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले.

आज बाजारात मिळणाऱ्या प्रोबायोटिक खाद्यपूरकांचे तत्त्व हेच आहे. त्यांत लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस यांसारखे जीवाणू किंवा यीस्ट असते. हे जीव रोगजंतूंची जागा व अन्न बळकावतात. लॅक्टोबॅसिलस तर, दह्यात आंबटपणा येतो त्याप्रमाणे, आम्ल निर्माण करून रोगजंतूंची वाढ रोखतो.

ते देताना काही पथ्ये पाळावीत. पहिल्या दिवसापासूनच सुरुवात करावी. पाण्यातून द्यावयाचे असल्यास त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नसावी, कारण तिने उपकारक जीवाणूही मरतात. प्रतिजैविकाबरोबर दिल्यास जीवाणूयुक्त पूरक बहुधा वाया जाते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पाकीट ठेवू नये. तसेच हे औषध नव्हे. गादी ओली, हवा कोंदट आणि राणीखेत व गंबोरोच्या लसी चुकलेल्या, अशा शेडला कोणतेही पाकीट तारू शकत नाही.

आता अधिक गंभीर प्रश्न. रोग नसतानाही केवळ वजन वाढावे म्हणून प्रतिजैविके खाद्यात मिसळण्याची प्रथा जगभर पडली. त्यामुळे औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसापर्यंत पोहोचतात. युरोपीय संघाने २००६ पासून ही प्रथा बंद केली. माणसाच्या दुर्धर जंतुसंसर्गावरील शेवटच्या उपायांपैकी एक असलेल्या कोलिस्टिनचा पशुपक्ष्यांसाठी वापर भारत सरकारने २०१९ मध्ये निषिद्ध ठरविला. उद्या आपल्याच लेकराला ताप आला आणि औषध लागू पडले नाही, तर कोंबडीच्या वजनात मिळालेल्या चार पैशांचे मोल काय?

म्हणून पशुपालकांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना प्रतिजैविक देऊ नये आणि दिल्यास विक्रीपूर्वी औषध बंद ठेवण्याचा ठरलेला काळ पाळावा. करार पद्धतीने पक्षी वाढविणाऱ्यांनी खाद्यात काय मिसळले आहे, हे कंपनीला विचारावे. पंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा आणि शिक्षकांनी तो वर्गात सांगावा.

निरोगी पक्षी हे सकस खाद्य, स्वच्छ पाणी आणि कोरडी गादी यांचे फळ आहे. उपकारक जीवाणू हे त्या कामातील आपले सोबती आहेत. त्यांना साथ देणे आपल्या हाती आहे.