नव्या राजवाड्याचे दगड

कोल्हापूरचा नवा राजवाडा दाखविताना वाटाडे ‘राजवैभव’ हा एकच शब्द घोळवितात. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. काम १८७७ साली सुरू झाले, १८८४ साली संपले. घडीव काळा दगड, मध्यभागी इंग्रजी थाटाचा घड्याळाचा मनोरा, आणि भोवती घुमट, छत्र्या, कमानी मात्र गुजरात-राजस्थानच्या वळणाच्या. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर तर शिवचरित्रच! सत्ता परक्याची आणि अलंकार एतद्देशीय, हे साम्राज्यशाहीचे आवडते सूत्र येथे दगडात उतरले आहे.

आता कालक्रम पाहावा. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ होता. नेमक्या त्याच वेळी हे बांधकाम निघाले. गादीवरील चौथे शिवाजी महाराज तेव्हा अल्पवयीन, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. पुढे वेडाचा शिक्का मारून महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तेथेच त्यांचा अंत झाला. वाडा पुरा होण्याआधीच धनी गेला! मँटही १८८१ सालीच वारला होता. त्याचे नाव वाटाड्यांच्या तोंडी असते. टाकीचे घाव घालणाऱ्या पाथरवटांचे एकही नसते.

याच मँटने कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि ‘थोरला दवाखाना’ही रेखाटला. तो दवाखाना आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखला जातो, आणि खेड्यापाड्यांतील गोरगरीब उपचारासाठी तेथेच येतात.