सातव्या पायाचा फोटो

आज फिजिओथेरपी व कृत्रिम अवयवशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो,

भूसुरुंगाने पाय गेलेला दहा वर्षांचा मुलगा पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगला, तर त्याला आयुष्यभरात किती कृत्रिम पाय लागतील? रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने हा हिशेब फार पूर्वीच मांडून ठेवला आहे : सुमारे 25. वाढत्या वयात दर सहा महिन्यांनी एक, मोठेपणी तीन ते पाच वर्षांनी एक. जूनमध्ये घेतलेला शाळेचा बूट दिवाळीनंतर चावू लागतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे चावतो सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप, आणि तोही शस्त्रक्रियेच्या व्रणावर.

हाडही स्वस्थ बसत नाही. मधूनच कापलेल्या हाडाचे टोक मुलाबरोबर वाढते, अणकुचीदार होते, कधी कातडी फाडून बाहेर येते. मग पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा नवा साचा. पाय सांध्यातून वेगळा केला तर हा त्रास बहुतेक टळतो. मात्र तंबूतल्या इस्पितळात, रक्त वाहत असताना, डॉक्टरला दहा वर्षांनंतरचे हाड कुठून दिसणार? तो जीव वाचवतो. पुढचे सगळे इतरांच्या वाट्याला येते.

दानधर्माला पहिला पाय फार आवडतो. मूल उभे राहते, टाळ्या पडतात, फोटो निघतो आणि देणगीदारांच्या अहवालात छापला जातो. सातव्या पायाचा फोटो कोणी काढत नाही. युद्धात जखमी झालेल्या मुलांसाठी जगभर मोठ्या मनाने पैसा उभा राहतो. तो बहुधा वर्षावर्षाच्या प्रकल्पांत वाटला जातो, आणि मूल तर दर सहा महिन्यांनी दारात उभे असते.

ते दार सतत उघडे कसे ठेवायचे, याचे एक उत्तर काबूलमध्ये सापडते. तिथे रेड क्रॉसचे ऑर्थोपेडिक केंद्र 1988 मध्ये सुरू झाले. इटलीचे आल्बेर्तो कैरो 1990 मध्ये तिथे आले. शिक्षणाने आधी वकील, नंतर फिजिओथेरपिस्ट. सुरुवातीला केंद्रात फक्त युद्धजखमींना प्रवेश होता. पुढे पोलिओने, अपघाताने वा जन्मतः अपंग असलेल्यांनाही घेऊ लागले. त्याहून मोठा निर्णय नोकरभरतीचा. कामावर माणसे घ्यायची ती अपंगांतूनच. त्यामुळे साचा घेणारा, सॉकेट कापणारा, हिशेब ठेवणारा असे जवळजवळ सगळे कधीकाळचे रुग्ण. मुलाला चालायला शिकवणाऱ्याने स्वतःची विजार वर केली तर खाली प्लॅस्टिकचा पाय निघतो. घाबरलेल्या पोराला समजावण्यासाठी याहून भक्कम पुरावा कोणता देणार?

हे काम सुरक्षित नाही. 11 सप्टेंबर 2017 रोजी मझार-ए-शरीफच्या केंद्रात लोरेना एनेब्राल पेरेझ या स्पॅनिश फिजिओथेरपिस्टवर एका रुग्णानेच गोळी झाडली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. पदवीदानाच्या दिवशी असे बोलू नये म्हणतात. पण त्या तुमच्याच व्यवसायातल्या होत्या.

अशा केंद्राच्या कारखान्यात मुलाचा पाय घडतो कसा, ते तुम्हाला पाठ आहे, पालकांसाठी थोडक्यात. खुंटावर, म्हणजे उरलेल्या पायावर, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. त्या सुकल्या की काढून आत प्लास्टर ओततात आणि खुंटाची प्रतिकृती मिळवतात. मग कानशीने घासणे सुरू होते. जिथे भार झेपतो तिथून थोडे काढायचे, हाड टोचते तिथे थोडे चढवायचे. भट्टीत मऊ झालेला पॉलिप्रोपिलीनचा तक्ता त्यावर पांघरला जातो, पंप हवा ओढून घेतो आणि प्लॅस्टिक घट्ट बसते. मूल समांतर दांड्यांमध्ये चार फेऱ्या मारते. सॉकेट उतरवल्यावर कातडीवर लाल वण दिसतो. तो थोड्या वेळात मावळला तर ठीक, नाही तर पुन्हा कानस. रेड क्रॉसने हे स्वस्त प्लॅस्टिक कंबोडियात 1990 च्या दशकात रुजवले. तक्ता बाहेरून येऊ शकतो, कानस चालवणारा हात मात्र तिथलाच लागतो.

दुसरी वाट जर्मनीतल्या ओबरहाउजेनची. 1967 साली अरब-इस्रायल युद्धानंतर तिथल्या नागरिकांनी ‘फ्रीडन्सडॉर्फ’ (शांतिग्राम) उभे केले. मायदेशी उपचार होऊ शकत नाहीत अशा अफगाणिस्तान, अंगोला इथल्या मुलांना विमानाने आणायचे, जर्मन रुग्णालयांनी खाटा फुकट द्यायच्या आणि बरे झाल्यावर मुलाला घरी पोहोचवायचे. अनेकांच्या हाडांत पू झालेला असतो. महिनोन्‌महिने उपचार चालतात. मूल परत जाणार, ही अटच आहे. वरवर ती कठोर वाटते, पण योग्यच आहे. मुलाला आई-बाप आहेत, दत्तक घेणारे नकोत. तिथे दरी भाषा बोलणारे आणि पोर्तुगीज बोलणारे मूल एकमेकांशी मोडक्या जर्मनमध्ये भांडतात.

तरीही एक शंका उरते. मुले एकटी येतात. दुसऱ्या महायुद्धात बालमनोविश्लेषक आना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये हॅम्पस्टेड इथे युद्धग्रस्त मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांच्या नोंदींचा सूर असा, की आई जवळ असलेले मूल बॉम्बहल्ले सोसते. मोडते ते बहुधा आईपासून तुटल्यावर. म्हणून त्यांनी मुलांचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाला एक ठरावीक बाई नेमून दिली, आणि आयांना हव्या त्या वेळी येऊ दिले. जीव किंवा पाय वाचत असेल तर ताटातूट पत्करावी लागतेच. पण ती किंमत आहे आणि ती मूल मोजते, हे विमानतळावरच्या स्वागतात विसरले जाते. ती टाळताही येते : जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने 2006 पासून चालवलेल्या पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात इराक, सीरिया, येमेनची मुले येतात, ती घरच्या माणसाबरोबर. मुलांच्या शिकण्याची सोयही तिथेच केलेली असते.

गाझात एक किंवा दोन्ही पाय गमावलेली मुले हजाराहून अधिक असल्याचे युनिसेफने 2024 च्या सुरुवातीलाच सांगितले होते. आता सुरुवातीचा हिशेब लावा, हजार गुणिले पंचवीस करून पाहा. गाझा शहरात नगरपालिकेचे कृत्रिम अवयव व पोलिओ केंद्र आहे, शिकलेले कारागीर आहेत. पण वेढ्यात प्लास्टर आणि प्लॅस्टिक पोहोचत नाही, तेव्हा कसबी हातही रिकामे राहतात.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 मध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी निघाले. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट अफगाणिस्तानापर्यंत गेला. त्यामुळे तुमच्यातल्या काहींना कधी ना कधी परदेशातल्या शिबिराचे बोलावणे येईल. जरूर जा. पण होकार देण्याआधी आयोजकांना विचारून घ्या : सहा महिन्यांनी हे सॉकेट घट्ट झाले की मुलाने कोणाकडे जायचे? तिथल्या किती जणांना आपण काम शिकवून येणार? प्लॅस्टिकचा पुढचा तक्ता कुठून येणार? आणि मुलाला दुसऱ्या गावी हलवणार असाल, तर त्याच्या आईची राहण्याची सोय कुठे केली आहे?